नॉब फिरवला की सूर उड्या मारतो

प्रश्न: आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), १० किलोओहमचा पोटेंशिओमीटर (सूर बदलणारा नॉब), ८ ओहमचा छोटा स्पीकर आणि १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओलेड (छोटी स्क्रीन). नॉब फिरवला की सूर सरळ न चढता उड्या मारत जातो. हात लावला नाही तरी बारीक खरखर चालूच. स्क्रीनचा कोड काढला की उड्या गायब, खरखर मात्र तशीच! स्पीकर खराब असेल का?

उत्तर: बिचाऱ्या स्पीकरला कशाला दोष देताय? स्क्रीनचे १०२४ बाइट प्रोग्रामच्या दर फेरीला आय-टू-सीवरून (बोर्ड आणि स्क्रीनमधली दोन तारांची जोडणी) जातात. १०० किलोहर्ट्झला त्यात साधारण ०.१ सेकंद मोडतो, तेवढा वेळ नॉब वाचलाच जात नाही. नॉब थांबल्यावरच स्क्रीन रंगवा. वेळ मोजायला मिलिस (किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) वापरा, सगळं थांबवून ठेवणारं डिले अजिबात नको. खरखरीचं कारण वेगळं: नॉबचं रीडिंग ५११, ५१३, ५१२ असं नाचतं आणि सूर सतत बदलतो. फरक ४ च्या वर गेला तरच टोन (सूर वाजवणारं फंक्शन) बोलवा.

दुसरं उत्तर: स्पीकर थेट बोर्डाच्या पिनला जोडलाय का? ५ व्होल्टला ८ ओहम म्हणजे ६०० मिलिअँपिअरच्या वर मागणी, पिनची कमाल मर्यादा ४०. मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा रोधक) घाला.

प्रश्नकर्ता: खरखर गेली! रेझिस्टरनं आवाज डासाएवढा झालाय, पण रात्री घरचे खूश.