मेमरीचा वेग हाताने वाढवावा, की एक्सएमपीवर थांबावे?

मूळ मांडणी

घरच्या संगणकावर रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे उत्पादकाने स्टिकमध्येच साठवलेली जास्त वेगाची मांडणी, जरूर चालू करावे, पण त्यापुढे बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एकेक टायमिंग, म्हणजे मेमरीच्या प्रत्येक कृतीला दिलेला वेळ, हाताने घट्ट करत बसू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. ३२०० (सेकंदाला तितकी दशलक्ष हस्तांतरणे) असा शिक्का असलेल्या माझ्या दोन डीडीआर४ पिढीच्या स्टिक दोन वर्षे २१३३ वरच चालत होत्या, कारण प्रोफाइल निवडले नाही तर मदरबोर्ड सुरक्षित वेगच धरतो आणि जोडणी करून देणाऱ्याने बायोस उघडलेच नव्हते. प्रोफाइल लावल्यावर दोन चॅनेलची (मेमरी ते प्रोसेसर या दोन वाटांची) कागदावरची क्षमता सेकंदाला ३४.१ गिगाबाइटवरून ५१.२ वर गेली. सीएल (मागितलेली माहिती येईपर्यंतचे ठोके) १५ चे १६ झाले, तरी विलंब मात्र १४ नॅनोसेकंदांवरून १० वर आला, कारण सीएल घड्याळाच्या ठोक्यांत मोजतात आणि ठोकाच लहान झालेला असतो.

तिथेच थांबायला हवे होते. मी ३६०० सीएल१६ वर गेलो, एडा६४ या मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये विलंब आणखी घटला, तीन आठवडे संगणक एकदाही अडखळला नाही, आणि मग घरच्या फोटोंची झिप उघडताना सीआरसी (फाइल धड आहे का ते पडताळणारा आकडा) जुळत नसल्याचा संदेश आला. टेस्टमेम५ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला, तर चाळिसाव्या मिनिटाला पहिली चूक दिसली. त्या तीन आठवड्यांत डिस्कवर लिहिलेल्या फायलींपैकी कोणत्या धड आहेत, हे मला आजही सांगता येत नाही. संगणक बंद पडला असता तर निदान कळले तरी असते.

प्रतिसाद १

आपले नुकसान वाईटच झाले, पण दोष वेग वाढवण्याचा नसून क्रमाचा आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. बेंचमार्क वेग मोजतो, अचूकता तपासत नाही. म्हणून आधी रात्रभर चुकांची चाचणी आणि मगच आकडे, हा नियम पाळला तर हाताने केलेले बदलही टिकतात. शिवाय आपण सर्वांना एकाच मापाने मोजता आहात. माझ्याकडे रायझन ५६००जी प्रोसेसर आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. त्यातील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते रॅमवरच जगते, आणि ३२०० वरून ३६०० वर गेल्याने मिळणारी साडेबारा टक्के जास्त क्षमता खेळांमध्ये डोळ्यांना जाणवते. सिनेबेंचसारख्या निव्वळ प्रोसेसरच्या चाचणीत फरक जवळजवळ दिसत नाही, हे मान्य. पण सेव्हन-झिप या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या चाचणीत तो दिसतो, कारण तिथे प्रोसेसर मेमरीची वाट पाहत असतो.

प्रतिसाद २

मला आपल्या दोघांचीही भूमिका पटत नाही. एक्सएमपी म्हणजे सुरक्षित वेग, हे गृहीतकच चुकीचे आहे. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, ही प्रोफाइल बहुधा १.३५ मागतात, म्हणजे तेही ओव्हरक्लॉकिंगच (प्रमाणित वेगापुढे चालवणे), फक्त ते दुसऱ्याने आपल्यासाठी करून ठेवलेले. एक्सपो ही एक्सएमपीसारखीच, रायझन बनवणाऱ्या एएमडीची स्वतःची सोय असूनही, मेमरी ओव्हरक्लॉक केल्यास प्रोसेसरची वॉरंटी राहत नाही, असे तीच कंपनी अटींत लिहिते. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, तेव्हा एक्सपोबरोबर चढणारे एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक वगैरे भागांचे) चर्चेत आले आणि बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. डीडीआर५ या पुढच्या पिढीत चूकदुरुस्ती असते म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की ती चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिघडलेला बिट तिला दिसत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद २ मधील व्होल्टेजचा मुद्दा मी स्वीकारतो. एक्सएमपी लावल्यावरही चाचणी करावीच, हे मी आधी लिहायला हवे होते. पण म्हणून २१३३ वरच राहावे, हे मला मान्य नाही. ज्या वेगाचे पैसे मोजले, तो तपासून वापरण्यात गैर काहीच नाही.

प्रतिसाद १ यांना मात्र एक विचारतो. बाजारात तयार मिळणाऱ्या कितीतरी संगणकांत एकच स्टिक असते, म्हणजे एकच चॅनेल चालते आणि ३२०० वरही क्षमता अवघी २५.६ गिगाबाइट. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच स्टिक बसवली की ती थेट दुप्पट होते. ग्राफिक्ससाठी जीव टाकायचाच, तर साडेबारा टक्क्यांआधी हे शंभर टक्के का सांगू नयेत?

प्रतिसाद १

दुसऱ्या स्टिकचे आपले म्हणणे पूर्ण बरोबर आहे. माझ्याकडे दोन आहेत म्हणून ते माझ्या ध्यानात आले नाही. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझी रात्रभराची चाचणी डिसेंबरातली होती आणि मी जळगावला राहतो. मेमरीतील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरवरचा भार. तो उष्णतेत लवकर गळतो, म्हणून ठराविक काळाने पुन्हा भरावा लागतो, आणि त्या भरण्यासाठी दिलेला वेळ, म्हणजे टीआरएफसी, मी वेगासाठी कमी केला होता. मे महिन्यात दुपारी, खोलीत कूलर बंद असताना, तीच चाचणी वीस मिनिटांत नापास झाली. टीआरएफसी ४५० वरून ६३० वर नेल्यावर चुका थांबल्या. ३६०० चा वेग मी कायम ठेवला आहे, पण थंडीतल्या चाचणीवर आता विसंबत नाही.