कॉन्कॉर्डचा तोल इंधनावर
कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाचं सगळं श्रेय त्याच्या चार ऑलिंपस इंजिनांना, असं म्हटलं जातं. इंजिनं भारी होतीच, पण इंधनाचं दुसरं काम, म्हणजे विमानाचा तोल सांभाळणं, त्यात राहूनच जातं. ध्वनीचा वेग ओलांडला की पंखांवरच्या उचलीचा केंद्रबिंदू मागे सरकतो आणि नाक खाली जायला बघतं. ते सावरायला कॉन्कॉर्डच्या शेपटीला आडवा पंखच नव्हता. एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) वर धरून ठेवले तर हवेची ओढ वाढून इंधन फुकट जळणार. म्हणून फ्लाइट इंजिनिअर पुढच्या ट्रिम टाक्यांतलं (तोल साधण्यासाठीच्या टाक्यांतलं) इंधन पंपाने मागे पाठवायचा, मुख्यतः शेपटीतल्या ११ नंबरच्या टाकीत. सुमारे २० टन! गुरुत्वमध्य जवळजवळ दोन मीटर मागे जायचा.

वेग उतरवताना तेच इंधन वेळेत पुढे आणावं लागे, नाहीतर शेपूट जड राहून विमान अस्थिर. ही सगळी कसरत डायल आणि स्विचांनी भरलेल्या पॅनेलवर, त्या इंजिनिअरच्या हाताखाली चालायची.