पन्नाशीनंतर जमेना झालंय, कुणाला दाखवावं?

परभणीकर ५४
नाव टाकत नाही, समजून घ्या. शुगर ९ वर्षांपासून. वरीस झालं, मंडळीजवळ जायचं म्हणलं की जमतच नाही, आधी वाटलं कापूस वेचणीचा थकवा असंल, पण आता तर मीच रात्री ओसरीवर मोबाईल बघत बसतो आन ती झोपली की आत जातो. ती काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. बसस्टँडमागच्या तंबूवाल्या वैद्याकडून साडेतीन हजाराच्या पुड्या आणल्या, दोनदा घेतल्या, तोंड लालबुंद अन डोकं असं ठणकलं की बस. मेडिकलवाला मेव्हण्याचा दोस्त, त्याला काय विचारू?

रिटायर मास्तर, लातूर
पुड्या आधी उकिरड्यात फेका. जडीबुटी म्हणून त्यात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) कुटून घालतात, तोंड लाल होणं, डोकं दुखणं त्याचंच असणार. छातीसाठी सॉर्बिट्रेट चालू असंल तर दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जातं, माणूस जायचा. युरोलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या अन पुरुषांच्या दुखण्याच्या डॉक्टरला दाखवा. मला त्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) अन वर ईसीजी सांगितला, मी चिडलोच, दुखणं कुठं अन पट्ट्या कुठं लावायलेत! तर म्हणले, तिथल्या रक्तवाहिन्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४, म्हणून चोंदायला लागल्या की आधी तिथं कळतं, छातीत मागून. माझं बीपी त्यातच सापडलं.

जालन्याची ताई
भाऊ, वहिनी बोलत नाहीत म्हणजे रागच असंल असं नाही. पाळी गेल्यावर मला आतून कोरडं पडून इतकं दुखायचं की मालक झोपले की सुटले वाटायचं, अन त्यांना वाटायचं मी टाळायले. दवाखान्यात सून सोबत होती म्हणून डॉक्टरीणबाईला चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी आत लावायची इस्ट्रोजेनची (बाईच्या हार्मोनची) क्रीम दिली, ओलाव्यासाठी पाण्याचं जेल सांगितलं. खोबरेल नको म्हणल्या.

नांदेडवाला
परभणीत ओळखीचं भेटतंय वाटलं तर नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठा. युरोलॉजीच्या बाकड्यावर मुतखडेवालेच जास्त असतात, कुणाला काय कळतंय 😄

परभणीकर ५४
सॉर्बिट्रेट नाही, पण बीपीला ॲटेनोलॉल चालूय. बंद करू का?

रिटायर मास्तर, लातूर
मनानं बंद करू नका!! त्यानं पण कधी कधी हे होतं, डॉक्टर बदलून देतील. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

परभणीकर ५४
सोमवारी नांदेडला निघालो. मेव्हण्याला मुतखडाच सांगितला. मंडळीला रात्री खरं सांगितलं तर म्हणली थांबा, मी पण येते, मला पण दाखवायचंय.