दारात हत्ती झुलवताना : जुन्या लक्झरी सेडानचे अनुभव

मागच्या आठवड्यात सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडलं, तर शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, तुमची गाडी बसली का हो?" बंद पडली असं त्यांना म्हणायचं नव्हतं. गाडी खरंच बसली होती. पुढचं डावं चाक अर्धं मडगार्डात शिरलेलं अन् बंपर फरशीपासून चार बोटांवर.

एअर सस्पेन्शनची गाडी आहे. स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे, आपले मेकॅनिक त्याला बलून म्हणतात. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन बलूनच्या घडीवर मारलं, तर एका जागी मोहरीएवढे बुडबुडे सावकाश यायला लागले. एवढ्याशा चिरेतून रात्रभर हवा गेली. गाडी सुरू केली की कॉम्प्रेसर घूं घूं करत तिला पुन्हा उभी करतो, आणि असं रोज करता करता एक दिवस तोही जळतो. म्हणजे बलूनचा खर्च टाळला की बलून अधिक कॉम्प्रेसर असा खर्च येतो. मागच्या बाजूला तीन वर्षांपूर्वी मी हे करून बसलो आहे. एकूण १ लाख ३५ हजार.

गाडी २०१० ची, जर्मन, डिझेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की सगळी चर्चा तिकडेच जाते. २०१९ मध्ये साडेआठ लाखांत घेतली. घरी सांगितलं होतं की नव्या हॅचबॅकच्या पैशात ही येते. येते हो! पण आपला मालक आता हॅचबॅकच्या ऐपतीतला आहे, हे त्या बलूनला कोण सांगणार?

नागपुरात असे हत्ती पाळणारे बरेच आहेत हे सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर संध्याकाळी दिसतंच. या धाग्यावर लिहा आपापलं. खर्चाचा आकडा खरा लिहा, घरी सांगितलेला नको.

*

कॉन्टेसावाले काका, धरमपेठ

तुमची ती हवेवर चालणारी गाडी. आमच्या वेळी लक्झरी म्हणजे कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ पासून २००२ पर्यंत काढली, मूळ घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची. माझी १९९३ ची, १८०० सीसी इसुझू इंजिनाची. तेच इंजिन अँबॅसडरच्या १८०० आयएसझेडमध्ये होतं, म्हणून इंजिनाचं सामान अजून शोधलं तर सापडतं. काचेभोवतीचं रबर, टेललाइट, दाराचे हँडल यांचं नाव काढू नका. टेललाइटच्या दोन जोड्या मी २००४ मध्येच घेऊन ठेवल्या. त्या दिवाणात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून, सौ.च्या पैठणीच्या खाली. यावरून घरात काय झालं ते इथं लिहीत नाही.

कागदांचं सांगतो. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. मी २०१८ मध्ये गेलो तेव्हा फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, म्हणून २०२३ मध्ये तेवढी भरली. आता ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. २०२८ ची सोय मी आत्तापासून पोस्टात करून ठेवली आहे, नातवाच्या शिक्षणासारखी.

दर रविवारी सहा वाजता फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर, पाऊस असो की थंडी. उभ्या गाडीची ऑइल सील सुकतात, ब्रेक धरून बसतात, टायरला चपटा डाग पडतो. चालती गाडी परवडते.

*

मनीषनगरची ताई

माझा विषय इंजिन नाही. माझा विषय छत.

२०११ ची सेडान, आत फिक्या बदामी रंगाचं कापड. तीन उन्हाळे आमच्या अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये काढले आणि चौथ्या मे महिन्यात मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर छताचं कापड उतरलं. मांडवाची झालर उतरावी तसं, हळूच. त्या म्हणाल्या, "हे काय, गाडीला पण पदर आहे का?"

मी आधी फेविकॉल लावला. मग टाचण्या लावल्या. दोन्ही व्यर्थ, कारण कापडाचा आणि पुठ्ठ्याचा थेट संबंधच नसतो. मधे फोमचा पातळ थर असतो आणि उन्हानं त्याचीच भुकटी होते. सीटकव्हरवाल्या भाऊंनी अख्खं छत काढून अंगणात पालथं घातलं आणि तारेच्या ब्रशनं खरवडलं, तेव्हा शेवेच्या चुऱ्यासारखी केशरी भुकटी पडली. जवळजवळ अर्धी बादली. नवा फोम, नवं कापड, गरमी झेलणारा गोंद, सगळं ७,५०० मध्ये. शोरूमला विचारलं होतं, ते पूर्ण छतच बदलायला निघाले होते. तो आकडा ऐकून मी पाणी मागितलं.

नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होतं. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रावर ५६ दाखवलं आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं. माझ्या गाडीचं मत विचाराल तर सेन्सर बरोबर होता!

*

दिल्लीची गाडी आणलेला हिंगण्याचा

मी गाडी घेतली तेव्हा दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवू देत नव्हते. हरित लवादाचे २०१४ आणि २०१५ चे आदेश, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते कायम ठेवले. म्हणून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या मातीमोल जायच्या. मीही भुललो. २०२३ मध्ये नऊ वर्षांची जर्मन सेडान, मीटरवर ५२ हजार किलोमीटर, सहा लाखांत. करोल बागेत चहा पीत व्यवहार झाला.

एनओसीचा फॉर्म २८, मग इकडचा रोड टॅक्स, मग नागपूरचा एमएच-३१ नंबर, यात पाच महिने गेले. ते चालायचंच. खरी गंमत पुढं आहे. सर्व्हिसला दिली तेव्हा आमच्या मेकॅनिकनं मीटरकडं पाहिलंच नाही. खाली वाकला, ब्रेकच्या पॅडलवरचं रबर अंगठ्यानं चोळलं. रेघा पार घासून गुळगुळीत झालेल्या. म्हणाला, "भाऊ, बावन हजारात एवढं पॅडल नाही घासत." मग गाडीतला कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला. मीटर मागं फिरवणाऱ्यानं डॅशबोर्डातला आकडा बदलला होता, पण या गाड्यांत आणखी एकदोन कंट्रोल युनिट किलोमीटर लिहून ठेवतात. गिअरबॉक्सवालं युनिट १ लाख ३८ हजार सांगत होतं.

विकणाऱ्याला फोन केला. त्यानं उचलला, आवाज ओळखला, ठेवला.

दुसरं, डिझेल असेल आणि घर ते ऑफिस आठ किलोमीटर असेल तर घेऊच नका. सायलेन्सरमधला डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी धरून ठेवतो, आणि ती जाळायला गाडी वीसेक मिनिटं एका दमात, एका वेगानं पळावी लागते. सीताबर्डीच्या सिग्नलांत ते होत नाही. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की मी समृद्धी महामार्गावर नेतो, वर्ध्याकडच्या इंटरचेंजवरून परत. एका चक्करचं डिझेल आणि टोल धरला तर सिनेमा अन् जेवण होईल, पण फिल्टर बदलण्यापेक्षा स्वस्त.

समृद्धीवर जाणार असाल तर टायरची तारीख बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या स्टेपनीवर गाडीच्याच जन्माचं साल होतं. नक्षी एकदम नवी, रबर लाकडासारखं. सिमेंटच्या रस्त्यावर ताशी १२० च्या वेगाला ते फुटतं.

*

पाना-स्कॅनर, गॅरेजवाला

हे सगळे आमच्याकडचेच किस्से वाचून राहिलो. दोनचार गोष्टी सांगतो भाऊ, पटल्या तर घ्या.

एक नंबर, कूलंट. या गाड्यांत पाण्याच्या लायनी, टाकी, टी-जॉइंट, सगळं प्लॅस्टिक. दहा वर्षं गरम-थंड होऊन होऊन ते बिस्किटावाणी होते. मार्चमधेच बदलून टाका, मे महिन्यात वर्धा रोडवर वाफ निघाल्यावर नाही. अन् बोअरचं पाणी टाकू नका रे बावा! आपलं पाणी खारं, रेडिएटरमधे चुना धरतो. डिस्टिल्ड वॉटर अन् कूलंटच.

दुसरं, गिअर ऑइल. बुकात लाइफटाइम लिहून असते. लाइफ कोणाची, गाडीची की वॉरंटीची? साठ-सत्तर हजाराला बदला.

तिसरं, स्कॅनरचा कोड पाहून पार्ट मागवू नका. मागं एक साहेब आले, तिसरा सेन्सर टाकून आले होते बाहेरून. कोड तोच. मी इंजिनवरचं कव्हर काढलं तर आत शेंगदाण्याची टरफलं अन् वायर कुरतडलेली. उंदीर! तीस रुपयाची वायर जोडली, सोल्डर मारला, गाडी चालू. साहेबांनी तीन सेन्सरचे तेवीस हजार दिले होते.

पार्टचं म्हणाल तर बॉश, माहले, साक्स हेच गाडीवाल्यांना माल देतात. तोच पार्ट त्यांच्या डब्यात घेतला तर पुष्कळ स्वस्त पडते, डब्यावर फक्त गाडीचा बिल्ला नसते. जुना पार्ट पाहिजे तर दिल्लीचं कश्मीरी गेट नाहीतर मुंबईचं कुर्ला. पण जुना बलून, जुना पंप अन् जुना टायर, हे तीन कधीच घेऊ नका.

*

अंबाझरी लेआउट

२३ सप्टेंबर २०२३. पहाटे वॉचमननं दार वाजवलं तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं रस्ता धरला. खाली बाबांची गाडी होती, २०१२ ची. बाबा गेल्यावर मी ती विकली नव्हती, चालवतही कमीच होते.

सात-आठच्या सुमारास पाणी उतरलं. समोरच्या दादांनी लगेच स्वतःची गाडी सुरू करून पाहिली. एक दणका आला आणि सगळं थांबलं. सिलेंडरमध्ये पाणी असलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. त्यांचं इंजिन तिथेच गेलं. ते पाहून मी चावीला हात लावला नाही, बॅटरीची तार तेवढी काढायला लावली. बॅटरी डिकीत होती, डिकी विजेवर उघडणारी. तो अर्धा तास आठवला की आज हसू येतं.

क्रेनवर घालून नेली. इंजिन खरंच वाचलं होतं. पण सीटखालची इलेक्ट्रॉनिक युनिटं बुडाली होती, आणि गालिच्याखालचा जाड फोम आठ दिवसांनंतरही पिळला की पाणी यायचं. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि आपण मिळून ठरवतो. मी हप्ता कमी बसावा म्हणून ती खाली धरली होती. दुरुस्ती त्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की टोटल लॉस. गेली. हप्त्यात चार हजार वाचवले होते.

डॅशबोर्डवरचा गणपती काढून आणला. त्याच्या खालचा डबल टेप अजून चिकट होता.

*

दोन ओळी, त्रिमूर्तीनगर

टोयोटा कॅमरी, २००८, पेट्रोल, २ लाख १० हजार किलोमीटर. खर्च म्हणाल तर ऑइल, पॅड, बॅटरी, टायर, बस्स. वरचं सगळं वाचून मला उगाच अपराधी वाटून राहिलं.

*

मनीषनगरची ताई

त्रिमूर्तीनगर, पेट्रोल कोणतं टाकता? एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी केलेले नाहीत म्हणतात. माझं अॅव्हरेज तर पडलंय.

*

पाना-स्कॅनर, गॅरेजवाला

ताई, अॅव्हरेज पडणारच, इथेनॉलमधे दम कमी. नीती आयोगाच्या कागदातच जुन्या चारचाकीला सहा-सात टक्के लिहून आहे. तुम्ही दोन कामं करा. फ्युएल लाइनचं रबर बोटानं दाबून पाहात जा, फुगलं किंवा चिकट झालं तर बदला. अन् गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढते.

*

धागा काढणारा

काका, तुमचं दिवाणाचं प्रकरण घरी वाचून दाखवलं. आमच्याकडं ते निर्णायक ठरलं, कारण दोन जुन्या हेडलाइट मीही माळ्यावर ठेवल्या आहेत हे त्यातून निघालं.

बलून मागवला. एक बदलू की दोन्ही, यावर चार दिवस गेले. एकीकडं नवं रबर, एकीकडं पंधरा वर्षांचं, म्हणून शेवटी पुढची जोडी घेतली. मजुरीसकट ६२ हजार. घरी चाळीस सांगितले आहेत. म्हणजे वर मीच जे लिहिलं होतं ते मीच मोडलं.

*

पाना-स्कॅनर, गॅरेजवाला

भाऊ, बलून बसवल्यावर हाइट कॅलिब्रेट करा लागते, नाहीतर गाडी एका बाजूनं वाकडी चालते. बुधवारी सकाळी लॅपटॉप घेऊन येतो. तर्री पोहे तुमच्याकडून. अन् तोपर्यंत गाडीखाली शिरू नका, जॅक लावला असला तरी.

*

धागा काढणारा

या. काकूंनाही बोलावतो, गाडी उठताना त्यांना बघायची आहे.