अनुभव धागा: वाईट दिवसांत हाती लागलेली ‘हाउंड्स ऑफ लव्ह’

शेवग्याची_शेंग:
परवा एका रिक्षावाल्याची रिंगटोन ‘रनिंग अप दॅट हिल’ निघाली आणि ते गाणारी ब्रिटिश गायिका केट बुश पुन्हा डोक्यात घुसली. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये हे गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे २०२२ मध्ये पहिल्यावर. बरेच जण त्या एका गाण्यावरच थांबतात. दवाखान्यातली जागरणं, गेलेली नोकरी, घरातलं आजारपण अशा काळात ज्यांना हे गाणं असलेली तिची ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ ही रेकॉर्ड भेटली त्यांनी लिहा. रडगाणं नको, कसं ऐकायचं ते सांगा :)

पाटावरचा_दगड:
दुसरी बाजू. विषय संपला.

निशाचर_नाशिक:
अहो पाटा, नवख्यांना कळेल असं लिहा की! दुसऱ्या बाजूला सात गाण्यांची सलग कथा आहे, ‘द नाइन्थ वेव्ह’. रात्री समुद्रात एकटीच तरंगणारी बाई, लाइफ जॅकेटवरचा इवलासा दिवा, आणि डोळा लागला तर खेळ खलास. जागरणवाल्यांना वेगळं समजवावं लागत नाही.
फोनवर लावताना शफल बंद, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडणं) चालू, क्रॉसफेड (एका गाण्यावर दुसरं चढवणं) शून्यावर. नाहीतर दुसऱ्या ‘अंडर आइस’चं शेपूट तिसऱ्या ‘वेकिंग द विच’च्या तोंडावर चढतं आणि तिला उठवणारे ते सुरुवातीचे आवाज गिचमिड होतात.
आवाज किती ठेवायचा ते ‘विच’चा मधला भाग वाजवून ठरवा. पहिलं गाणं हळू, पियानोवरचं. त्याच्या हिशोबाने वाढवलात तर तिसऱ्याला शेजारच्या कॉटवरचे उठून बसतील.

गोडा_मसाला:
+१. वॉर्डात एकच इअरफोन घाला, सिस्टरची हाक ऐकू आली पाहिजे. पण मग सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. ‘विच’मधले आवाज डावी-उजवीकडे फेकलेत, एका कानात अर्धेच येतात.
कुकर झाला, नंतर येते.

शेवग्याची_शेंग:
हे मोनोचं भारीच गं ताई.

चिरेबंदी:
‘वॉचिंग यू विदाउट मी’बद्दल कोणी लिहिलं नाही? त्यात ती समुद्रातली बाई घरी येते पण घरच्यांना दिसत नाही. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर ते गाणं वगळा असं सांगणारे भेटतात. मला पटत नाही. त्याला लागूनच ‘जिग ऑफ लाइफ’ येतं, त्यात तिचंच म्हातारपण तिला जगायला दटावतं. आधीचं काढलं तर हा झटका बसतच नाही. डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत रेकॉर्ड केलेली फिडल आणि आयरिश पाइप्स, वर बोऱ्हान, म्हणजे आयरिश डफ. पाय थरथरायलाच हवेत.

खरखर_तबकडी:
एलपीवाल्यांसाठी. दुसरी बाजू साधारण २६ मिनिटांची, म्हणजे लांबच. बाजू लांब झाली की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते. शिवाय ‘हॅलो अर्थ’ आणि ‘द मॉर्निंग फॉग’ लेबलजवळ येतात. तिथं एका फेऱ्यातली खाच आखूड, त्यामुळे ‘स’ फसफसतो. शंकूच्या टोकाची सुई असेल तर जास्तच. लंबगोल घ्या. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ही सुई असेल तर आधी काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) फिरवून आर्म हवेत सपाट तरंगवा, डायल शून्यावर आणा, मग वजन २ ग्रॅम, अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली डायल) हीसुद्धा २ वर. तरी फसफसलं तर अलाइनमेंट, म्हणजे सुई खाचेत सरळ बसते का, ते तपासा. वजन वाढवत बसू नका.

पाटावरचा_दगड:
खरखर दादा पेटले 😂

सॅम्पल_मिसळ:
ते ‘हिल’मधलं रडवेलं चेलोसारखं वाद्य म्हणजे फेअरलाइट सीएमआय, खरे आवाज टिपून (सॅम्पल) कीबोर्डवर वाजवणारी सिडनीची मशीन. ८ बिट, एका वेळी ८ सूर, हिरवा स्क्रीन, लाइट पेन. एकच सॅम्पल सगळ्या पट्ट्यांवर ताणायचं, म्हणून वरचे सूर आखडतात आणि खालचे घोगरे होतात. घरी करायचं तर चेलोचा एकच सूर घ्या, ८ बिटवर उतरवा, टाइम-स्ट्रेच (सूर बदलला तरी लांबी तीच राखणारी सोय) बंद ठेवून कीबोर्डवर पसरवा, टेम्पो १०८. रिव्हर्ब (घुमारा) शेवटी, तोही बेताने. चकाचक सॅम्पल लायब्ररी लावली की लग्नातला ऑर्केस्ट्रा होतो.
आणि शीर्षकगीतात बास गिटार नाहीच. चेलो आणि ढोलांवर पेललंय. बास बूस्ट लावून ऐकणाऱ्यांनो, कशाला वाढवताय?

चिरेबंदी:
‘हॅलो अर्थ’मधला कोरस जॉर्जियन लोकगीतातला आहे, ‘त्सिंत्सकारो’. दिग्दर्शक हेर्झॉगच्या ‘नोस्फेरातू’ सिनेमात केटनं ऐकला होता.

गोडा_मसाला:
आले. कव्हरवरचे कुत्रे कुठल्या जातीचे?

खरखर_तबकडी:
वायमरानर. केटचेच, बॉनी आणि क्लाइड. फोटो भावानं काढलेला.

गोडा_मसाला:
आमच्या सोसायटीत एक आहे, लिफ्टमध्ये सगळ्यांची पिशवी हुंगतो. बोंबील असले की मालकाचंही ऐकत नाही.

निशाचर_नाशिक:
ताजे की सुके?