प्रति: कोल्हापूरचा फुटबॉल कुणी टिकवला?

वर म्हटलंय की कोल्हापूरचा फुटबॉल राजाश्रयावर टिकला. छत्रपती घराण्याचा आधार आहेच, १९४० पासून केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) आहे, शाहू स्टेडियम आहे. पण पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही संघांची नावं मुळात तालमींची, म्हणजे पेठांमधल्या व्यायाम मंडळांची. आणि तालीम चालते ती बिनपगारी कार्यकर्त्यावर.

आमच्या पेठेत असे एक काका होते. पोरं त्यांना ‘सेक्रेटरी’च म्हणायची. हंगामाआधी खेळाडू नोंदणी सुरू झाली की यांची धावपळ. फॉर्म, फोटो, जन्मदाखला, त्यात एखादा पठ्ठ्या आयत्या वेळी दुसऱ्या संघाच्या फॉर्मवर सही करून मोकळा! मग रात्री त्याच्या घरी जाऊन आईसमोर समजूत काढायची. लोखंडी ट्रंकेत जर्सी नंबरवार घडी घालून ठेवलेल्या, झाकणाला आतून कागद चिकटवलेला: कुणाला किती पिवळी कार्डं, कोण पुढच्या सामन्याला बाहेर. रेफ्रीकडेही नसेल इतका चोख हिशेब.

गॅलरीत हाणामारी झाली की दंड संघाला, आणि बोलणी खायला हेच. दुसऱ्या दिवशी वर्गणीची पावती घेऊन परत दारोदार.

आता परदेशी खेळाडू येतात, बक्षिसंही मोठी झालीत. चांगलंच आहे. पण स्पर्धेत ‘सामनावीर’, ‘मालिकावीर’ सगळ्यांना ट्रॉफी मिळते, या लोकांना फार तर नारळ आणि शाल, तीही पदाधिकाऱ्यांची भाषणं संपल्यावर. केएसएनं दरवर्षी एका तरी तालमीच्या अशा माणसाचा सत्कार अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, भरल्या स्टेडियमसमोर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.