अनुभव धागा : आई, लेकरू आणि मारामारी – हिंदी पडद्यावरचं हे काम प्रत्यक्षात कसं होतं?

घरातली साधी बाई, लेकरावर आलेलं संकट आणि शेवटच्या तासाभरात पंधरा जणांना पुरून उरणारी आई. ही गोष्ट हिंदी चित्रपटात पुन्हापुन्हा येते. एखाद्या चित्रपटात ती काळजाला भिडते, तर एखाद्यात पहिल्याच गुद्द्याला विश्वास उडतो. हा फरक कुठे पडतो, ते त्या त्या खात्यात काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से आणि आठवणी नकोत. काम कसं करतात, किती लागतं, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

पटकथा

अशा चित्रपटाची मारामारी खरं तर पहिल्या वीस मिनिटांतच लिहिली जाते. आई पुढे जे करणार आहे, त्याचं बीज तिच्या रोजच्या कामात आधी दिसायला हवं. मासे कापणारी असेल तर सुरीवरची पकड, शिवणकाम करणारी असेल तर कात्री, परिचारिका असेल तर शरीराची माहिती. तिनं ‘कॉलेजात कराटे शिकले होते’ असं एका वाक्यात सांगून चालत नाही. प्रेक्षकाला ते सोयीचं वाटतं.

दुसरी गळती पोलिसांची. ‘ही पोलिसांत का जात नाही?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात मध्यंतरापर्यंत राहिला, तर पुढची सगळी मारामारी फुकट जाते. ती गेली आणि तिथं काय झालं, ते दाखवावं. तेही लवकर.

आणि मूल. निम्म्या पटकथांमध्ये मूल म्हणजे उचलून नेण्याचं सामान असतं. प्रत्येक प्रसंगाच्या मथळ्याखाली एक ओळ लिहावी: या क्षणी मूल कुठे आहे, त्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय. ही ओळ लिहिता आली नाही तर तो प्रसंग आईचा राहिलेला नसतो, नुसती हाणामारी उरलेली असते.

फाइट मास्टरच्या हाताखालून

वरची ओळ सेटवरही तशीच लागू आहे. आमच्या कागदावर प्रत्येक शॉटसमोर तीन रकाने असतात: आई कुठे, फायटर कुठे, मूल कुठे.

उदाहरण म्हणून स्वयंपाकघरातली मारामारी घ्या. ओट्याखाली सात वर्षांची मुलगी, ओट्यासमोर आई, दारातून दोघं आत येतात. पडद्यावर हे सगळं एकाच वेळी घडतं, चित्रण मात्र तुकड्यांत होतं. मुलीचे क्लोजअप सकाळी सगळ्यात आधी उरकायचे. तेव्हा फायटर सेटवर असतात, पण हालचाल करत नाहीत. मुलगी गेली की तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, ओट्याच्या पायाला रंगीत टेप चिकटवायची आणि आईची नजर तिथं लावायची. ही उंची मुलगी बसलेली असतानाच मोजपट्टीनं मोजून लिहून ठेवावी. नंतर अंदाजानं लावली तर आई मुलीच्या डोक्यावरून भिंतीकडे बघतेय असं दिसतं आणि संकलनात ते दुरुस्त होत नाही.

गुद्दा कधीच लागत नाही, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या मागे असला की ती वीत झाकली जाते, बाजूनं लावला की उघडी पडते. मान झटकायची ती मूठ चेहऱ्यासमोरून जाताना, पाव सेकंदानंतर नव्हे. नव्या कलाकारांचं बहुतेक इथंच चुकतं. मूठ येताना दिसली की डोळे आधी मिटतात. उपाय एकच: पहिल्या दिवशी पाव वेगानं, मग अर्ध्या आणि चित्रीकरणाला तीनचतुर्थांश. पूर्ण वेगाची गरजच नसते.

लांब लेन्स हा आमचा मोठा आधार. १३५ किंवा २०० मिलिमीटरची लेन्स मागचं-पुढचं अंतर दाबून टाकते. फायटरपासून दहा फूट मागे उभं असलेलं मूल पडद्यावर त्याच्या हाताच्या टप्प्यात दिसतं. भीती दिसते, धोका नसतो. रुंद लेन्सचा हट्ट धरला तर मुलाला खरोखर जवळ आणावं लागतं. तिथं मुलाच्या अंगकाठीचा प्रौढ डबल (धोक्याच्या शॉटला कलाकाराच्या जागी उभा राहणारा) घ्यावा, मूल नको.

बालकलाकारांची जबाबदारी सांभाळणारे

कायद्याचं इथे आलंच पाहिजे, कारण वेळापत्रक त्यावरच उभं राहतं. २०१७ च्या सुधारित नियमांनुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांच्या वर काम नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गोरेगावच्या चित्रनगरीत काम असेल तर मुंबई उपनगर, वाईला युनिट गेलं तर सातारा. एका ठिकाणचा कागद दुसरीकडे चालेल असं धरून युनिट निघतं आणि दिवस वाया जातो. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. मुलाची इच्छा नसेल तर काम नाही, हेही नियमातच आहे.

पाच तासांत मेकअप, वाट बघणं, जेवण सगळं धरून हिशेब करा. प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर दोन ते अडीच तासच हाती लागतात.

आता भीती. मुलाला घाबरवून शॉट घेणं हा गुन्हाच मानावा. त्याची गरजही पडत नाही. शॉटच्या आधी जागच्या जागी वीस उड्या मारायला लावा आणि लगेच क्लोजअप घ्या. धपापणारा श्वास, किंचित उघडं तोंड, भिरभिरती नजर हे सगळं आपोआप येतं. ग्लिसरीन मुलांच्या डोळ्यांत अजिबात नको. खलनायकाचं काम करणाऱ्यानं मेकअप नसताना मुलासोबत अर्धा तास खेळावं. मग त्याच्या अंगावर रक्ताचा रंग मुलासमोरच लावावा. थांबण्यासाठी एक शब्द ठरवावा, जो संवादात कुठेही नाही. ‘नको’, ‘सोडा’, ‘थांबा’ हे संवादात असतात, म्हणून ते चालत नाहीत. ‘पेरू’ म्हटलं की सगळं युनिट थांबलं पाहिजे. दिग्दर्शकसुद्धा.

वेशभूषा

साडीतली मारामारी सगळ्यात अवघड. सहावारी पायात येते, निऱ्या सुटतात. त्यामुळे निऱ्या आणि पदर आतून शिवूनच टाकायचे. सेफ्टी पिन लावू नयेत. आदळताना पिन उघडते आणि पोटात घुसते. आतून सायकलिंग शॉर्ट्स, गुडघ्याला पातळ पॅड. केबलला लटकवण्याचा शॉट असेल तर हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) ब्लाउजच्या आत बसायला हवा, म्हणून ब्लाउज दोन इंच सैल आणि बाजूला दोरीसाठी फट. नऊवारीचा कासोटा हालचालीला उत्तम, पण कंबरेजवळ हार्नेसचा पट्टा लपत नाही.

एकाच साडीचे किमान सहा नग घ्या: स्वच्छ, घामेजलेली, फाटलेली, रक्ताची आणि डबलसाठी दोन. एकाच गठ्ठ्यातल्या घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो.

मंगळसूत्राचा दोरा कच्चा ठेवायचा, ओढलं की तुटलं पाहिजे, नाहीतर गळ्याला फास बसतो. बांगड्या प्लास्टिकच्या. काचेचा किणकिणाट नंतर आवाजात भरता येतो, मनगटावरची जखम भरून यायला दिवस लागतात.

स्त्री डबलचं एक सांगायलाच हवं. पुरुष फायटर जाकिटाखाली पाठ-कोपराचे पॅड लपवतो, उघड्या पाठीच्या ब्लाउजमध्ये हिनं काय लपवायचं? ‘शोले’त (१९७५) हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण यांनी टांग्याची अवघड कामं केली, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं विग घातलेले पुरुषच बायकांचे डबल होत राहिले. कपडे ठरवतानाच डबलला बोलवा. बाही कोपरापर्यंत आणि पाठ बंद घेतली, तर निम्म्या जखमा टळतात.

पुन्हा मारामारी विभाग, मुलाला उचलून पळण्याबद्दल

सहा-सात वर्षांचं मूल म्हणजे साधारण वीस किलो. ते कडेवर घेऊन पळण्याचे तीन टेक झाले की नायिकेची कंबर धरते, मग चौथ्यात तोल जातो. खरं मूल फक्त जवळच्या शॉटला, सात-आठ पावलं, तेवढंच. लांबच्या शॉटला चार-पाच किलोची बाहुली. बाहुलीची मान मात्र लुळी नको आणि पाय आईच्या कमरेला विळखा घातलेले हवेत, नाहीतर निर्जीव ओझं लगेच ओळखू येतं. हलक्या बाहुलीसोबत आई फार चपळ पळते, म्हणून बाहुलीच्या कमरेत वाळूची पिशवी घालावी.

कला विभाग

खिडकीच्या काचेचं प्रमाण: साखर ७०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज ३५० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, क्रीम ऑफ टार्टर पाव चमचा. १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं. कमी राहिलं तर काच वाकते, १६० च्या वर गेलं तर पिवळी पडते. तेल लावलेल्या सपाट साच्यात चार मिलिमीटर जाड ओतायचं. मुंबईच्या दमट हवेत साखर पाणी ओढते आणि पावसाळ्यात काही तासांत काच चिकट होते. म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद ठेवावी. हिच्या कडाही कापतात, हे लक्षात ठेवा. चेहऱ्याजवळ फोडायची असेल तर राळेची तयार काच घ्या.

सुऱ्या तीन लागतात. क्लोजअपला धार बोथट केलेली धातूची, झटापटीला कडक प्लास्टिकची, अंगावर टेकवायला रबराची. रबराची सुरी हातात घेऊन पळू नये, पातं डुलतं.

पावसाचं दृश्य असेल तर दहा हजार लिटरचा टँकर धरा आणि दिवा मागून लावा. समोरून उजेड टाकला तर पाऊस दिसतच नाही. मुलाच्या वाट्याला कोमट पाणी.

आगीबद्दल एवढंच: ‘मदर इंडिया’च्या (१९५७) चित्रीकरणात गुजरातेत आग हाताबाहेर गेली, नर्गिस आत अडकल्या आणि सुनील दत्त यांना भाजून घेत त्यांना बाहेर काढावं लागलं. आज गॅसच्या बारवरची ज्वाला नळ फिरवला की बंद होते. उघडं गवत पेटवण्याचं काहीच कारण उरलेलं नाही.

ध्वनी

गोळीचा आवाज मुलाजवळ काढूच नका. पिस्तूल नकली, ठिणगी संगणकावर, आवाज स्टुडिओत. मुलाची किंकाळी सेटवर दोनदाच घ्यावी, तिसऱ्यांदा घसा बसतो. ती स्वच्छ मिळेल याची व्यवस्था करा: पंखे बंद, जनरेटर लांब, माइक डोक्यावर. डबिंगला तीन-चार महिने गेले तर मुलाचा आवाज बदललेला असू शकतो. ‘आई’ या एका हाकेचे दहा-बारा प्रकार सेटवरच मुद्रित करून ठेवा: जवळून, लांबून, दाराआडून, कुजबुजून.

संकलन

गुद्द्यांवर गुद्दे जोडले की पाचव्यानंतर प्रेक्षक थकतो. दर चार-पाच फटक्यांनी मुलाकडे परत यायचं, किमान २० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे सेकंदही नाही. पण त्यामुळे पुढच्या फटक्याला कारण मिळतं. अशा वेळी मुलाचा शॉटच घेतलेला नसतो, ही नेहमीची रड. म्हणून प्रत्येक जागेवर मुलाच्या बघण्याचे तीन शॉट मागून घ्या: आईकडे, दाराकडे आणि डोळे मिटलेले.

प्रमाणपत्राचं काम पाहणारे

२०२३ च्या दुरुस्तीपासून ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा चित्रपट) या प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले आहेत. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर थिएटरातले अठरा वर्षांखालचे प्रेक्षक हातचे जातात आणि टीव्हीसाठी पुन्हा कापाकापी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. रक्त किती दिसतं यापेक्षा मुलावरची हिंसा किती वेळ आणि किती जवळून दिसते, याची काळजी आधी घ्या. मारणारा हात चौकटीत, मूल चौकटीबाहेर, मग आईचा चेहरा. असा पर्यायी शॉट चित्रीकरणाच्याच दिवशी घेऊन ठेवा. नंतर तो मिळत नाही, कारण तोवर सेट मोडलेला असतो आणि मूल दोन इंच वाढलेलं असतं.